रात्र पुरेल एवढी बॅटरी

‘स्टेशनियर्स’ या गेममध्ये मंगळावर मी पहिल्यांदा मेलो, तेव्हा माझ्याकडे ऑक्सिजन होता, पाणी होतं, खायलाही होतं. फक्त वीज नव्हती.

दिवसभर खनिज वितळवायला आर्क फर्नेस चालू ठेवली होती. बाहेर सोलर पॅनल ऊन खात उभे होते, बॅटरीवरचा आकडा वर चढत होता आणि मला वाटत होतं, आपलं झकास चाललंय. मग सूर्य कलला. पॅनलची वीज घसरत घसरत शून्यावर आली. भट्टी मात्र बॅटरीवर तशीच चालू राहिली. ती बंद करायला हवी, हे मला सुचलंच नाही. थोड्या वेळाने बेसमधले दिवे गेले. सूटची बॅटरी लावायला चार्जरपाशी गेलो, तर तोही गपगार. मग सूटची बॅटरी उतरली. आतली हवा शुद्ध करणं थांबलं, तापमान राखणं थांबलं. उजाडायला थोडाच वेळ राहिला असताना स्क्रीन काळी झाली.

हा मृत्यू मला पटला. गेममध्ये राक्षसाने खाल्लं, कड्यावरून पडलो, गोळी लागली, तर आपण चिडतो आणि पुन्हा सुरू करतो. इथे चिडायला कुणी नव्हतं. सूर्य ठरल्या वेळी मावळला होता. चूक दुपारी झाली होती, तिचा निकाल रात्री लागला.

अंतराळातल्या सर्व्हायव्हल गेमांचा एक ठरलेला सांगाडा आहे. परक्या ग्रहावर तुम्ही एकटे. खणा, वितळवा, बांधा. सुरुवातीला हाताशी येईल ते इंधन जाळा, मग सोलर पॅनल लावा, पॅनल आले की रात्र आडवी येते, म्हणून बॅटरी लावा. ‘किती पॅनलला किती बॅटऱ्या’ हे सांगणारे व्हिडिओ यूट्यूबवर हवे तेवढे सापडतील. ते उपयोगी आहेत, मीही पाहतो. पण एखादा गेम सौरऊर्जेबद्दल काय म्हणतो, हे त्या गुणोत्तरातून कळत नाही. त्यासाठी वेगळा प्रश्न विचारावा लागतो: बॅटरी उतरली, तर या जगात नेमकं काय जातं? तीन गेमांना मी हा प्रश्न विचारून पाहिला.

शोभेची रात्र

‘नो मॅन्स स्काय’ हा तिघांतला सगळ्यात देखणा. इंग्लंडमधल्या गिल्डफर्डच्या हॅलो गेम्सने तो ऑगस्ट २०१६ मध्ये आणला आणि ऑगस्ट २०१९ च्या ‘बियाँड’ या अपडेटमध्ये बेसला वीज, वायरी आणि बटणं दिली. आकडे सोपे आहेत. एक सोलर पॅनल भर उन्हात सेकंदाला ५० युनिट वीज देतो आणि एका बॅटरीत ४५,००० युनिट मावतात. म्हणजे एका पॅनलची पंधरा मिनिटांची पूर्ण कमाई एका बॅटरीत. चार पॅनल, दोन-तीन बॅटऱ्या, मधे वायरी ओढल्या की बेस उजळतो. संध्याकाळी बाहेर उभं राहून आपल्याच घरातले दिवे बघायला फार छान वाटतं.

आणि बॅटरी उतरली तर? दिवे जातात. टेलिपोर्टर चालत नाही. खनिज उपसणारी यंत्रं सकाळपर्यंत थांबतात. तुम्हाला काहीही होत नाही. तुमच्या सूटचा लाइफ सपोर्ट ऑक्सिजनवर भरतो, हवामानापासून वाचवणारं कवच सोडियमवर. दोन्ही खिशात असतात, झाडाझुडपांतून गोळा केलेली. बेसमधला अंधार आणि तुमचा श्वास यांना जोडणारी एकही वायर या गेममध्ये नाही.

त्यामुळे थोडे दिवस खेळलेला माणूस पॅनल सोडूनच देतो. सर्व्हे करणारं उपकरण घेऊन विद्युतचुंबकीय ऊर्जेची जागा शोधायची, तिथे जनरेटर रोवायचा, की रात्रंदिवस सारखी वीज. सूर्य मावळला काय, उगवला काय. सौरऊर्जा इथे नवशिक्याची पायरी आहे. गेमला दोष द्यावा असं यात काही नाही. त्याला भटकंती दाखवायची आहे, टंचाई नव्हे. पण ‘सर्व्हायव्हल’ हा शब्द तो ज्या सहजतेने वापरतो, त्याचा फोलपणा बेसमधले दिवे गेल्यावर लगेच कळतो.

गणिताची रात्र

प्राग शहरातल्या वुबे सॉफ्टवेअरचा ‘फॅक्टोरिओ’ काटेकोर अर्थाने सर्व्हायव्हल गेम नाही, पण यान कोसळून परक्या ग्रहावर अडकलेला माणूस इथेही आहेच. पॅनल आणि बॅटरीचं गणित याच्याइतकं चोख कुणीच मांडलेलं नाही.

दिवस २५,००० टिकचा, सेकंदाला ६० टिक, म्हणजे सातेक मिनिटांचा. त्यातला अर्धा वेळ पूर्ण ऊन, एक पंचमांश संध्याकाळ, एक दशांश काळोख, एक पंचमांश पहाट. पॅनल भर उन्हात ६० किलोवॅट देतो, पण दिवसरात्रीची सरासरी काढली तर ४२. अ‍ॅक्युम्युलेटर, म्हणजे इथली बॅटरी, ५ मेगाज्यूल साठवते. या आकड्यांतून एक गुणोत्तर निघतं: २५ पॅनलला २१ बॅटऱ्या. अखंड एक मेगावॅट हवी असेल, तर साधारण २४ पॅनल आणि २० बॅटऱ्या. पूर्ण काळोख जेमतेम बेचाळीस सेकंदांचा. ज्याने एकदा वही काढून हे स्वतः सोडवलंय, त्याला शाळेतलं गणित अचानक उपयोगी पडल्याचा आनंद ठाऊक आहे.

अडचण त्या आनंदानंतर सुरू होते. गणित एकदा सुटलं, की पॅनल-बॅटऱ्यांचा चौकोन आराखडा म्हणून जतन करता येतो आणि उडते रोबो तो हव्या तितक्या वेळा अंथरतात. वीज कमी पडली? अजून एक चौकोन. पुन्हा कमी पडली? अजून चार. इतक्या तासांत रात्र झाली म्हणून एखादं यंत्र मी कधी बंद केल्याचं मला आठवत नाही. तसं करायची गरजच गेम निर्माण करत नाही. कमी वापर हे उत्तर तिथे कुणाला सुचत नाही.

आणि त्या चौकोनाखाली काय होतं? ‘फॅक्टोरिओ’त प्रदूषणाचा हिशेब बारकाईने ठेवलेला आहे. कोळशाचे बॉयलर धूर सोडतात, धुराचा ढग पसरत स्थानिक किड्यांच्या वारुळांपर्यंत जातो, मग ते हल्ला करतात. झाडं तो धूर शोषून घेतात. सोलर पॅनलचं प्रदूषण मात्र शून्य. म्हणून खेळाडू ‘स्वच्छ’ ऊर्जेकडे वळतो. पण पॅनलला जागा प्रचंड लागते. ती मोकळी करायला आपण तीच झाडं तोडतो, वारुळं जाळतो आणि तिथे निळे पॅनल अंथरतो. प्रदूषणाच्या आलेखात धूर कमी झालेला दिसतो. जमीन कुणाची होती, हा रकाना आलेखात नाहीच. हे उपरोधाने केलंय की नकळत झालंय, हे गेम सांगत नाही. पण पॅनलच्या अथांग शेताकडे नकाशातून पाहताना पोटात थोडं कालवतं, ते यामुळेच.

ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या ‘स्पेस एज’ या विस्ताराने हे गणित हलवलं, हे मान्य करायला हवं. व्हल्कॅनस ग्रहावर ऊन चौपट, ग्लेबावर निम्मं, फुल्गोरावर पाचवा हिस्सा, अ‍ॅक्विलोवर जवळपास नाहीच. त्यातही फुल्गोरा भन्नाट आहे. तिथे रात्री विजा कोसळतात. त्या दांड्यांवर झेलायच्या, बॅटऱ्यांत भरायच्या आणि दिवस ढकलायचा. रात्र कमाईची, दिवस खर्चाचा. आपल्या डोक्यात घट्ट बसलेला क्रम तो ग्रह उलटा करून दाखवतो. पण प्रश्नाचं उत्तर तिथेही तेच राहतं: अजून बॅटऱ्या लावा.

श्वासाला जोडलेली वायर

‘स्टेशनियर्स’ न्यूझीलंडच्या रॉकेटवर्क्झचा. ‘डे-झी’ बनवणाऱ्या डीन हॉल यांची ही कंपनी. डिसेंबर २०१७ मध्ये गेम अपुऱ्या अवस्थेतच लोकांसमोर आला. दिसायला ओबडधोबड, शिकायला किचकट. माझ्या ओळखीतल्या निम्म्या लोकांनी तो पहिल्या तासात सोडला आणि त्यांना नावं ठेवावीत असं मला वाटत नाही.

पण इथे प्रत्येक गोष्ट दुसऱ्या गोष्टीला खरोखर जोडलेली आहे. साधी केबल पाच किलोवॅटपर्यंतच वीज वाहते. त्यावर भार गेला की ती जळते आणि कुठल्या कोपऱ्यात जळली ते शोधत फिरावं लागतं. मोठी बॅटरी भरताना अधाशासारखी वीज ओढते, म्हणून मधे ट्रान्सफॉर्मर बसवून तिला आवर घालावा लागतो. पॅनल नुसता उभा करून भागत नाही. सूर्य सरकतो तसा तो आडवा-उभा फिरवावा लागतो. सुरुवातीला हे काम हाताने. दुपारी खाणीत उतरायचं की वर येऊन पॅनल फिरवायचे, असा साधा पण खरा पेच रोज पडतो.

मग हळूहळू सूर्याचा कोन सांगणारा सेन्सर मिळतो. तो वाचून पॅनलला आज्ञा देणारी चिप मिळते. त्या चिपमध्ये जास्तीत जास्त १२८ ओळींचा छोटा प्रोग्रॅम स्वतः लिहायचा असतो. माझा पहिला प्रोग्रॅम चुकला होता. सगळे पॅनल एका तालात, अत्यंत शिस्तीने, सूर्याकडे पाठ करून उभे राहिले. तो दुरुस्त झाला त्या सकाळी पॅनल एकत्र पूर्वेला वळताना पाहून मी खुर्चीतून उठलो होतो.

तरीही या गेमची सगळ्यात चांगली वेळ त्या चिपच्या आधीची आहे, असं माझं मत आहे. पॅनल चार, बॅटरी एक, आणि सूर्य कलतोय. तेव्हा तुम्ही बेसमधून एक फेरी मारता. भट्टी बंद. यंत्रांचे स्विच बंद. रिकाम्या खोलीतला दिवा बंद. सूटची बॅटरी आत्ताच चार्जरला, कारण तिला पहिला मान. हवेचं यंत्र चालू राहू दे. हीटर? थोडा वेळ राहू दे, मग बघू. रात्र पुरेल एवढी बॅटरी आपल्याकडे नाही, हे मान्य करून त्या बॅटरीला पुरेल एवढीच रात्र आखायची. या तिघांत असं करायला लावणारा हा एकच गेम आहे.

ही फेरी मला ओळखीची का वाटली, ते कळायला थोडा वेळ लागला.

घरची बॅटरी

आमच्या तालुक्याच्या गावी तेव्हा भारनियमन असायचं. कधी सहा तास, कधी आठ. घरात एक इन्व्हर्टर होता आणि त्याची बॅटरी जिन्याखाली. बाबा दर महिन्याला झाकणं उघडून त्यात डिस्टिल्ड वॉटर घालायचे, टर्मिनलवरची पांढरी बुरशी गरम पाण्याने धुवायचे, त्यावर व्हॅसलीन लावायचे. दर वर्षी ती बॅटरी थोडी कमी चालायची. नवी होती तेव्हा दोन पंखे, दोन ट्यूब आणि टीव्ही निघायचा. तिसऱ्या वर्षी एक पंखा आणि एक ट्यूब.

आजीला दमा होता. रात्री त्रास वाढला की नेब्युलायझर लावावा लागायचा आणि लाईट नसेल तर तो इन्व्हर्टरवर. म्हणून घरात नियम होता: लाईट गेली की टीव्ही बंद. एका संध्याकाळी मॅच रंगात आली होती. बाबा बाहेर गेले होते. मी टीव्ही चालू ठेवला. आई एकदा म्हणाली, “अरे, बंद कर आता.” मी म्हटलं, “दोनच ओव्हर.” त्या रात्री साडेबाराला आजीला धाप लागली आणि मशीन घरघर करून थांबलं. समोरच्या आळीचा फीडर वेगळा होता, तिथे लाईट होती. बाबांनी आजीला हाताला धरून अंधारात रस्ता ओलांडला, समोरच्यांना उठवलं आणि त्यांच्या ओट्यावर बसून मशीन लावलं. आजी बरी झाली, नंतर पुष्कळ वर्षं जगली. मला कुणी रागावलं नाही. बाबा सकाळी एवढंच म्हणाले, “बॅटरीत किती आहे ते कळत नसतं बाळा. म्हणून आधी थांबायचं.”

मंगळावर भट्टी चालू ठेवून मी जे केलं, ते मी आधी एकदा केलं होतं.

तिघेही लपवतात ते

या तिन्ही गेमांत एक गोष्ट समान आहे: बॅटरी म्हातारी होत नाही. शंभर तास खेळा, हजार तास खेळा, ती पहिल्या दिवशी जेवढी साठवायची तेवढीच साठवते. तिला पाणी घालावं लागत नाही, टर्मिनल धुवावं लागत नाही. ‘स्टेशनियर्स’मध्ये मंगळावरच्या वादळात पॅनल खराब होतात, ही त्यातल्या त्यात प्रामाणिक सोय. पण त्यावरही मजबूत पॅनल हा उपाय आहेच. तिन्ही गेमांचं आश्वासन एकच: नीट मांडणी करा, मग रात्र कायमची सुटेल. वीज म्हणजे एकदा सोडवायचं कोडं.

खऱ्या अंतराळात ती तशी कधीच नव्हती. नासाची ‘ऑपॉर्च्युनिटी’ बग्गी जानेवारी २००४ मध्ये मंगळावर उतरली, ९० दिवसांच्या बोलीवर. ती चौदा वर्षांहून अधिक चालली, त्याचं एक कारण असं, की अधूनमधून वाऱ्याने तिच्या पॅनलवरची धूळ उडत राहिली. जून २०१८ मध्ये धुळीच्या वादळाने आकाश झाकलं, वीज संपली आणि तिचा आवाज पुन्हा आला नाही. ‘इनसाइट’ या यानाच्या पॅनलवर धूळ साचत गेली, तेव्हा पृथ्वीवरच्या मंडळींनी २०२१ मध्ये त्याच्या हाताने पॅनलजवळ चिमूटभर वाळू सोडली, ती वाऱ्याबरोबर घरंगळताना थोडी धूळ घेऊन जाईल म्हणून. थोडी गेलीही. थोडी वीज वाढली. डिसेंबर २०२२ मध्ये तेही संपलं. कोट्यवधी किलोमीटरवरून वाळूने पॅनल पुसणारी ती माणसं मला जिन्याखाली बसलेल्या बाबांच्या जातकुळीतली वाटतात.

आणि आपलं चांद्रयान-३. ते २३ ऑगस्ट २०२३ ला उतरलं, कारण तिथे सकाळ होत होती. चंद्रावरचा दिवस पृथ्वीवरच्या चौदा दिवसांएवढा, रात्रही तेवढीच. सप्टेंबरच्या सुरुवातीला आधी ‘प्रज्ञान’ला, मग ‘विक्रम’ला झोपवलं. उपकरणं बंद केली. बॅटरी पूर्ण भरलेली ठेवली. ‘प्रज्ञान’चा पॅनल पुढच्या उजेडाच्या दिशेला वळवून ठेवला. रिसीव्हर तेवढा चालू. २२ सप्टेंबरच्या सुमारास ऊन आलं, हाका मारल्या, उत्तर आलं नाही. मोहीम एका चांद्रदिवसाचीच होती, ती पूर्ण झाली होती, त्यामुळे हे अपयश नव्हे. पण कुठल्याही गेममध्ये मी इतकी नेमकी संध्याकाळ पाहिलेली नाही: काय बंद करायचं, काय चालू ठेवायचं, तोंड कुठे करून झोपायचं आणि हे सगळं करूनही सकाळची खात्री नाही.

मला गेममध्ये हे हवं आहे. जास्त खरे वाटणारे पॅनल किंवा जास्त किचकट वायरिंग नको. दर वर्षी थोडी कमी चालणारी एक बॅटरी द्या. मग बघा, ‘अजून लावा’ हे उत्तर किती दिवस पुरतं. खेळाडू कंटाळतील, हा आक्षेप मला मान्य नाही. भूक, तहान, गंजणारी हत्यारं हे सगळं खेळाडूंनी आनंदाने सोसलंय. बॅटरीचं म्हातारपण कुणी मांडलं, तर तेही सोसतील, आणि त्यातून कदाचित अशी गोष्ट शिकतील जी गेम बंद केल्यावरही उरते.

सध्या मी आणि एक मित्र ‘स्टेशनियर्स’मध्ये मंगळावर एकत्र राहतो. त्याने गेल्या आठवड्यात पॅनलच्या दोन नव्या रांगा लावल्या, सगळ्या चिपला जोडल्या. वीज आता उरते. तरी सूर्य कलला की मी उठून फेरी मारतो. भट्टी बंद, रिकाम्या खोलीतला दिवा बंद. काल तो हेडफोनवर वैतागून म्हणाला, “अरे, बॅटरी नव्वद टक्के आहे. कशाला बंद करतोस?”

मी म्हटलं, “राहू दे. रात्रीचं कुणाला काय लागेल, सांगता येत नाही.”